उखाआप्पांची दुसरी शाखा

उखाआप्पांच्या खानावळीत मी पहिली दोन वर्षं बालवाडीत होतो.

हे मी गमतीनं म्हणत नाही. तिथं खरोखरच इयत्ता होत्या. सुरतेत नवागामला आमच्या गल्लीच्या तोंडाशी 'सुमन खानावळ' आहे. आत सहा टेबलं, मागं भटारखाना. नवीन गिऱ्हाईक येऊन बसलं, की आप्पा कमरेच्या फडक्याला हात पुसत बाहेर येणार आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारणार, "काटा काढता येस का?"

गिऱ्हाईक हो म्हणो की नाही म्हणो, काही फरक पडत नसे. त्याच्यासमोर सुरमईचा तुकडा यायचा. सुरमई म्हणजे बालवाडी, मधे एकच जाड काटा, तो लहान लेकरालाही सापडतो. आप्पा शेजारी उभे राहून बोटांकडं बघत राहायचे. पास झालात तर पुढच्या खेपेला पापलेट. मग बांगडा, मग तापीतला रोहू. आणि सगळ्यात शेवटी पाला, ज्याला गुजराती लोक चाकसी म्हणतात. त्यात इतके बारीक काटे, की देवानं सगळे मासे बनवून झाल्यावर उरलेल्या सुया ह्याच्यात खोचून ठेवल्या असाव्यात. पाला म्हणजे आप्पांच्या शाळेची मॅट्रिक. अख्ख्या नवागामात मॅट्रिक झालेले मोजून अकरा जण होते आणि ते अकराही रस्त्यानं जरा ताठ चालायचे.

मेन्यूकार्ड नव्हतंच. काय खायचं ते आप्पा ठरवणार. एकदा एक मोठा बिल्डर गाडीतून उतरला, गळ्यात सोन्याची साखळी, बरोबर चार माणसं. बसल्या बसल्या म्हणाला, "चाकसी लाव." आप्पांनी त्याच्या बोटांतल्या अंगठ्यांकडं पाहिलं. "आधी अंगठ्या काढ. काढल्या तरी आज सुरमई. पाला पुढच्या वर्षी." बिल्डरची माणसं उठायला लागली होती, पण रश्श्याचा वास नाकात गेलेला होता. बिल्डरनं मुकाट्यानं सुरमई खाल्ली. तो पुढं दर रविवारी येऊ लागला आणि दिवाळीच्या सुमारास बांगड्याला पोचला. त्या दिवशी त्यानं गल्लीत पेढे वाटले.

आप्पांचं खरं नाव उखर्डू, म्हणजे उकिरड्यावरचा. त्यांच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून नजर लागू नये असं नाव आईनं ठेवलं. खानदेशात तापीकाठी त्यांचं गाव. "तापी आमच्या दाराहून सुरतेला जास. मी तिच्या मागे मागे ऊनू," असं ते सांगायचे. आले ते लूमच्या खात्यात कामाला लागले. खातं म्हणजे आमच्याकडं पॉवरलूमचा कारखाना. मीही त्याच खात्यात. लूम दुरुस्त करणाऱ्याला तिथं मास्तर म्हणतात, म्हणून मी मास्तर. एरवी माझा शाळेशी काही संबंध नाही. बावीस वर्षं खटाखट ऐकून आप्पांचे कान अर्धे गेले आणि आवाज दुप्पट झाला. ते कानात गुपित सांगायला लागले तरी पलीकडच्या गल्लीत खिडक्या उघडायच्या.

खानावळ मुळात त्यांच्या बायकोची, सुमनवहिनींची. त्या घरातच रस्सा करून खात्यातल्या एकट्या राहणाऱ्या माणसांना जेवू घालत. आप्पा पाळी सुटल्यावर मासे कापायला बसत. आठ वर्षांपूर्वी सुमनवहिनी आजारपणात गेल्या. आप्पांनी लूम सोडली आणि भटारखान्यात जाऊन उभे राहिले. त्यांची एकुलती एक मुलगी ज्योती तेव्हा कॉलेजात होती. तिनं पुढं हॉटेल मॅनेजमेंट केलं, शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात वर्षभर काम केलं आणि मग परत येऊन बापाच्या शेजारच्या शेगडीवर उभी राहिली. येताना तिनं एक शब्द आणला, शेफ.

"आप्पा, तुम्ही शेफ आहात."

"मी कसाला शेफ? शेफ तर डोक्यावर पांढरं मडकं घालतस."

बापलेकीचं दिवसभर मिठावरून भांडण चालायचं. ती म्हणायची कमी आहे, ते म्हणायचे जास्त झालं. गिऱ्हाईक जेवता जेवता ऐकत बसायचं. रेडिओ लावायची गरज पडत नसे.

ह्याच सुमारास दिनेश नावाचा एक तरुण दर रविवारी कामरेजहून यायला लागला. कामरेज म्हणजे शहराच्या पार पलीकडं, हायवेवर. तिथल्या एका छोट्या कारखान्यात तो सुपरवायझर. दोन वाहनं बदलून यायचा, सुरमई खायचा, जायचा. त्याला काटा अजिबात सापडत नसे. तरी नेटानं यायचा. आप्पा भारावून गेले. "मास्तर, असा विद्यार्थी मी पाह्यला नही. घरचे माळकरी, अंडंसुद्धा घरात येत नही, आणि हा पोऱ्या मासा शिकासाठी इतक्या लांबून येस!" आप्पांनी त्याला स्वतः बसून शिकवलं. वर्षभरात त्याला पाल्यापर्यंत नेलं. मॅट्रिक झाल्याच्या दिवशी दिनेशनं हात धुतले, आप्पांच्या पाया पडला आणि ज्योतीला मागणी घातली.

आप्पांना ते दोनदा सांगावं लागलं. एकदा कानामुळं आणि एकदा विश्वास बसेना म्हणून.

"म्हणजे तू माशासाठी येत नव्हता?"

"सुरुवातीला नाही, आप्पा. नंतर मासाही आवडायला लागला."

लग्न झालं. ज्योती कामरेजला गेली. तिच्या सासूबाई विमलताई जालन्याकडच्या, गळ्यात तुळशीची माळ, स्वभावानं कडक पण न्यायाच्या. सुनेनं काम करू नये असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण मासळीचे हात घेऊन घरात यायचं नाही, हे मात्र स्वच्छ सांगितलं. पहिले काही महिने ज्योती नवागामला येऊन, इथंच अंघोळ करून परत जायची. मग बाळ झालं. बाळाला घेऊन दोन वाहनं बदलणं जमेना. तिचं येणं थांबलं.

भटारखान्यात दोन पगारी भटारी होते, चांगले होते. पण ते आप्पांना घाबरायचे आणि मीठ विचारलं की 'बरोबर आहे' म्हणायचे. आप्पा चमचा तोंडात धरून एखाद्या भांडणाची वाट बघत उभे राहायचे. कोणी भांडायचंच नाही. मी दोनदा म्हणून पाहिलं, "आप्पा, मीठ कमी वाटतंय." तर ते म्हणाले, "तुले काय कळस, तू बांगड्यावर दोनदा नापास."

एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, "दुसरी शाखा काढसू."

गल्ली खूश झाली. जो तो जागा सुचवायला लागला. कोणी म्हणालं अडाजण, कोणी म्हणालं वेसू, तिकडं मोठमोठी हॉटेलं, गाड्यावाले लोक. आप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कामरेज."

मी कारण विचारलं तर म्हणाले, "हायवे शे. गाड्या थांबतस." चार दिवसांनी विचारलं तर म्हणाले, "तठली हवा चांगली." पुढच्या आठवड्यात म्हणाले, "पार्किंग शे." ह्या माणसाकडं सायकलसुद्धा नव्हती.

काम सुरू झालं. मी रविवारी बघायला गेलो. मोठा हॉल, वीस टेबलं, चकचकीत भटारखाना. आणि भटारखान्याच्या मागं एक न्हाणीघर. साधंसुधं नाही. गिझर, भिंतीला आरसा, साडी अडकवायला खुंट्या, कपाटाला कुलूप. गवंडी डोकं खाजवत होता.

"आप्पा, खानावळीत न्हाणीघर कशाला?"

"मासे अंघोळ करतीन," आप्पा म्हणाले आणि टाइल्सकडं बघायला गेले.

मग कोट आला. ज्योतीनं पूर्वी शेफचा पांढरा कोट दाखवला होता, तसाच आप्पांनी शिवून घेतला. पण सुरतेतला माणूस साधा कोट कसा शिवणार? त्यांनी तो एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात दिला. परत आला तेव्हा कॉलरला जरीची वेल आणि बाह्यांना मोराच्या बुट्ट्या होत्या. नवरदेवाला चालला असता. मी अंदाजानं त्यांच्या खांद्याला लावून पाहिला. दीड वीत कमी.

"आप्पा, हा तुम्हाला होणार नाही."

"कोट वाढत नही तर मी आटसू," ते म्हणाले आणि कोट घडी घालून पिशवीत टाकला.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, एवढं सगळं डोळ्यांपुढं असताना तुम्हाला कळलं कसं नाही? नाही कळलं. लूममध्ये तुटलेला एक धागा मला वीस फुटांवरून दिसतो. माणसांच्या बाबतीत माझा तसा काही लौकिक नाही.

कळलं ते विमलताईंच्या ओट्यावर. उद्घाटनाला पंधरा दिवस राहिले असताना आप्पा मला म्हणाले, "माझ्याबरोबर कामरेजला चाल. मी बोलायला लागलो की भांडतोय असं वाटस. तू मधे मधे हसत राहा."

त्यासाठी त्यांनी दोन दिवस माशाला हात लावला नव्हता. निघण्यापूर्वी दोनदा अंघोळ केली. अंगाला चंदनाच्या साबणाचा इतका वास येत होता, की वाहनात शेजारची बाई विचारत होती, लग्न कुणाचं आहे.

विमलताईंनी ओट्यावर सतरंजी टाकली. पाणी दिलं. आप्पांनी वाहनात भाषण पाठ केलं होतं, मी ऐकलं होतं. ते सगळं विसरले आणि एकदम ओरडले, "विहीणबाई! तुमची सून द्या!"

समोरच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या. मी हसलो.

"द्या म्हणजे?" विमलताई म्हणाल्या. "आणि एवढं ओरडायला काय झालं, व्याहीबुवा?"

"ओरडत नही, माझा आवाजच असा शे! हॉटेल तिच्यासाठी बांधलं! मी तिकडंच राहणार, नवागामले. आठली शेफ ती!"

ज्योती बाळाला कडेवर घेऊन दारात येऊन उभी होती. तिलाही हे आत्ताच कळत होतं. तिचा चेहरा मला दिसत होता, आप्पांना नाही, कारण ते विमलताईंकडं बघत होते आणि जोरजोरात पुढं सांगत होते.

"तुमच्या दारापासून पायी सात मिनिटं! लेकरू कडेवर असलं तर दहा! मी चालून पाह्यलं, कडेवर पाच किलो तांदूळ घेऊन! मागं न्हाणीघर शे, गरम पाणी शे. ती अंघोळ करीन, साडी बदलीन, मगच तुमच्या घरात पाय टाकीन! वास आला तर मला फोन करा, मी कुलूप लावतो!"

आता समोर पाच बायका झाल्या होत्या. हसून हसून माझे गाल दुखायला लागले होते.

विमलताईंनी सतरंजीची मुडपलेली कड सरळ केली. मग माळेला हात लावत म्हणाल्या, "तांदूळ घेऊन चाललात?"

"पिशवी फुटली. अर्धे सांडले," आप्पा म्हणाले. हे वाक्य मात्र त्यांनी चक्क हळू म्हटलं.

"एवढं सगळं केलंत आणि तिला विचारलं का?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. भाषणात हा प्रश्न नव्हता. मग त्यांनी पहिल्यांदा मागं वळून ज्योतीकडं पाहिलं. ज्योती ओठ दाबून उभी होती. बाळ त्या एवढ्या आवाजात रडलंसुद्धा नव्हतं, उलट आजोबांकडं हात करून खिदळत होतं.

"विचारायचं काय त्यात," ज्योती म्हणाली. आवाज जरा फाटला तिचा. "मीठ मी म्हणेन तेवढंच पडेल. चालेल का?"

"नही चालणार," आप्पा म्हणाले, आणि लगेच, "चालीन."

विमलताई उठल्या. "न्हाणीघर मी स्वतः बघणार. आणि दिवेलागणीला ही घरात पाहिजे. लेकरू माझ्यापाशी राहील. मला मेलीला दुसरं काय काम आहे?" दुसऱ्याच दिवशी त्या जाऊन न्हाणीघर बघून आल्या. बाकी हॉटेलकडं त्यांनी मान वळवून पाहिलं नाही, पण खुंट्या आणखी दोन लावा म्हणाल्या.

उद्घाटनाच्या दिवशी पाटीवरचा पडदा काढला, तर पेंटरनं 'ज्योती सी फूड'च्या ऐवजी 'ज्योती शी फूड' लिहून ठेवलेलं. दिनेश स्टुलावर चढून वेलांटीला धक्का न लावता 'शी'चा 'सी' करत होता आणि खाली विमलताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. "पेंटर माळकरी दिसतोय," त्या म्हणाल्या. नारळ त्यांनीच फोडला, दाराबाहेर उभं राहून.

जरीच्या वेलीचा कोट ज्योतीला बरोब्बर बसला. मोरांसकट. तिनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, "आप्पा, ह्याच्यात मी वरातीतली दिसतेय." पण दिवसभर काढला नाही.

पहिलं गिऱ्हाईक आलं आणि आप्पा नेहमीच्या सवयीनं भटारखान्यात शिरले. झाकणं उचलायला लागले. दोन मिनिटांत ज्योतीचा आवाज आला, "आप्पा, बाहेर." ते बाहेर आले. मग त्यांनी टेबलावर छापील मेन्यूकार्ड पाहिलं. वाचलं. उलटं करून परत वाचलं.

"मास्तर, आठे लोक स्वतःच मागतस?"

"हो, आप्पा."

"पाला सुद्धा?"

"पाला सुद्धा."

ते घाबरले. एका वाटीत भाताचे गोळे करून घेतले आणि पाला मागवलेल्या प्रत्येक टेबलाजवळ जाऊन उभे राहिले. घशात अडकलं तर गिळायला भात तयार. एका गुजराती जोडप्याला वाटलं ही इथली पद्धत असावी. त्यांनी एकेक गोळा हातात घेऊन नमस्कार केला आणि प्रसादासारखा खाल्ला.

शेवटी ज्योतीनं त्यांना दंडाला धरून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं आणि ताट आणून पुढं ठेवलं. भाकरी, भात आणि रस्सा. आप्पांना गिऱ्हाईकासारखं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांना हात कुठं ठेवावेत तेच कळत नव्हतं. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. ज्योती कोटाच्या बाहीला हात पुसत समोर उभी.

"मीठ?" तिनं विचारलं.

आप्पा खाली बघून जेवत राहिले. "तुझ्या आईचा हात शे," ते म्हणाले. तो आवाज मला जेमतेम ऐकू आला, आणि मी शेजारच्या खुर्चीत होतो.

चार वाजता ते उठले. "चाल मास्तर. तिकडं नवागामले संध्याकाळचं गिऱ्हाईक येईल."

"आज राहा ना, आप्पा," ज्योती म्हणाली. "भटारी दोघं इथंच आहेत."

"मी एकटा पुरे शे. तिकडं लोक खोळंबतीन." दाराबाहेर विमलताईंच्या कडेवरच्या बाळाच्या गालाला त्यांनी बोट लावलं आणि निघाले.

ते माझ्या स्कूटरवर मागं बसले. नवागामला पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. खानावळीच्या दारावर त्यांनीच सकाळी खडूनं लिहून ठेवलं होतं, 'आज सगळे कामरेजले.' त्यामुळं कोणी फिरकलंच नव्हतं. सहाही टेबलं रिकामी. आप्पांनी कुलूप काढलं, दिवा लावला, फडक्यानं सगळी टेबलं पुसली, जी पुसायची काही गरज नव्हती. मग एका खुर्चीत बसले आणि कामरेजच्या दिशेच्या भिंतीकडं बघत राहिले.

फोन वाजला. ज्योतीचा होता. आप्पांच्या कानामुळं फोन नेहमी स्पीकरवर.

"पोचलात का, आप्पा?"

"कव्हाच!"

"गिऱ्हाईक आहे का? की एकटेच बसलात?"

आप्पा ताडकन उभे राहिले. "एकटा कसाले? मरणाची गर्दी शे! बसाले जागा नही!" आणि फोन हातानं झाकून, डोळे मोठे करून माझ्याकडं खुणा करायला लागले.

मला क्षणभर कळेना. मग कळलं. एवढं मात्र कळलं. मी मांडणीवरची स्टीलची ताटं काढली आणि टेबलावर आपटायला लागलो. दोन खुर्च्या फरफटवल्या. ओरडलो, "आप्पा, इकडं दोन सुरमई! किती वेळ?"

"आलो, आलो!" आप्पा रिकाम्या हॉलला ओरडले. "ऐकलं ना? ठेव आता. तुझं गिऱ्हाईक पाहा."

"ठेवते," ज्योती म्हणाली. थोडं थांबली. "आप्पा, त्या गर्दीतल्या मास्तरकाकांना म्हणावं, जेवल्याशिवाय जाऊ नका. आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर बसा."

फोन बंद झाला. आप्पा फोनकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात दोन ताटं तशीच होती.

"पोर हुशार शे," ते म्हणाले. आणि शेगडी पेटवायला आत गेले.